लिलावातला ट्रॅक्टर: इंजिन बघून बोली लावली त्याचा अनुभव

आमच्या सांगली जिल्ह्यात फायनान्सच्या लिलावात उभा असलेला ट्रॅक्टर बरेचदा ऊस वाहतुकीतून आलेला असतो, हे आधी ध्यानात घ्यायचं. मालकाचा कारखान्याशी करार होतो, ऊसतोड टोळीच्या मुकादमाला उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, दिली जाते, टोळी येतच नाही किंवा अर्ध्यातून निघून जाते. मग हप्ते थकतात आणि ट्रॅक्टर यार्डात जातो. दोन ट्रॉल्यांत 20 टनांच्या घरात ऊस भरून, ओल्या पाणंदीतून पहिल्या गिअरवर बोंबलत त्याने हंगाम काढलेले असतात. त्यामुळे 'मॉडेल नवं आहे' या बोलण्याला मी फार भाव देत नाही.

मला रोटर (रोटाव्हेटर) आणि नांगरटीसाठी 45 एचपीच्या आसपास काहीतरी हवं होतं. मिरजेजवळच्या एका यार्डात पाहणी ठेवली होती. गावातले मिस्त्री, ज्यांना आम्ही सगळे मामाच म्हणतो, त्यांना सोबत घेतलं. बॅटरी आमचीच नेली, कारण यार्डातल्या गाड्यांची बॅटरी बहुधा आधीच कुणीतरी लांबवलेली असते. आणि गेलो सकाळी लवकर. इंजिन थंड असतानाच खरं बोलतं. कुणी आधी चालू करून गरम करून ठेवलं की अर्धी लक्षणं झाकली जातात. म्हणून मामांनी पहिल्यांदा सायलेन्सरच्या मॅनिफोल्डवर हात ठेवून बघितला.

पहिला ट्रॅक्टर दिसायला झकास होता. नवा रंग, टायरला काळं पॉलिश, मीटरवर चाललेले तास अगदी कमी. पण क्लचच्या पायट्याचं रबर गुळगुळीत झालेलं, आणि मागच्या हुकाचं भोक झिजून लांबट. ट्रॉली ओढल्याशिवाय भोक असं होत नाही. मीटर बदलता येतो, त्याची केबल काढून ठेवता येते. हुकाकडे मात्र कुणाचं लक्ष जात नाही. डिपस्टिक काढली तर ऑईल नवंकोरं आणि नको इतकं घट्ट. घट्ट ऑईल भरलं की काही काळ धूरही कमी दिसतो आणि प्रेशरचा काटाही वर राहतो. सगळं इंजिन धुळीने माखलेलं, पण ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनच्या आतला वायू बाहेर सोडणाऱ्या नळीचं तोंड तेवढं स्वच्छ.

यार्डातला पोरगा म्हणाला, "मामा, गाडीला कुणी हातसुद्धा लावला नाही."

"मग ब्रीदर कुणी पुसला रं बाळा?"

चालू केला तर ऑईल भरायच्या तोंडावर उलटं ठेवलेलं झाकण नाचून खाली पडलं. आतून भक्-भक् धूर. हे बॅक कंप्रेशन. पिस्टनच्या रिंगा आणि लायनर (सिलिंडरचं आतलं अस्तर) झिजल्याने जळलेला वायू खाली ऑईलच्या चेंबरमध्ये येतो. झाकण थोडं थरथरलं तर घाबरायचं कारण नाही, पण असा उमाळा यायला लागला की हाफ इंजिनचं, म्हणजे पिस्टन, रिंगा, लायनर बदलायचं काम आलंच. रेस दिल्यावर सायलेन्सरमधून निळा धूरही निघाला, म्हणजे ऑईल जळत होतं. तो तिथेच सोडला.

दुसऱ्याचा रंग उडालेला, मीटरवर तास चांगले जास्त, सीट फाटकी. पण हुकाचं भोक गोल, आणि मागे अवजारं जोडायच्या लिफ्टचे हात झिजून चकाकलेले. म्हणजे शेतातच चाललेला. रोटरच्या ट्रॅक्टरला मात्र धूळ खाते. मामांनी एअर क्लीनर आणि इंजिन यांच्यामधला पाईप सोडून आत बोट फिरवलं. क्लीनरच्या पुढे धूळ सापडली तर ती थेट सिलिंडरमध्ये गेली, आणि लायनर खायला तेवढं पुरतं. बोट बाहेर आलं ते नुसतं तेलकट, माती नाही. क्लीनरच्या वाटीत ऑईल काळं होतं, पण त्याचा चिखल झालेला नव्हता.

मग मला सीटवर बसवून म्हणाले, "स्टॉपर ओढून धर आणि सेल्फ मार." डिझेल बंद, त्यामुळे इंजिन सुरू होत नाही, नुसतं फिरतं. चारही सिलिंडरचं कंप्रेशन सारखं असेल तर सेल्फचा आवाज एका लयीत येतो. एखादा कमजोर असला की त्या ठोक्याला सेल्फ मोकळा पळतो. इथे लय सरळ होती. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग नाही, चालू असताना बुडबुडे नाहीत. इंजिन चांगलं तापेपर्यंत चालवलं, स्लोवर आणलं, तरी ऑईल प्रेशरचा काटा पडला नाही.

खटकलं एकच. थंड स्टार्टला आलेला पांढरा धूर लवकर जाईना, आणि त्याला कच्च्या डिझेलचा उग्र वास. असं कंप्रेशन गेल्यावर होतं, नाहीतर सिलिंडरमध्ये डिझेलचा फवारा मारणाऱ्या नोझलमुळे. सेल्फची लय बघता मामा नोझलवर बोट ठेवून होते, पण लिलाव 'जसे आहे, जिथे आहे' या अटीवर. नंतर तक्रारीला जागा नाही. म्हणून हाफ इंजिनचा खर्च धरून, तेवढे पैसे वजा करूनच वरचा आकडा ठरवला आणि त्यापुढे बोट उचलायचं नाही असं घरात सांगून टाकलं. बोली त्या आकड्याच्या आतच सुटली. पहिल्या, रंगवलेल्या ट्रॅक्टरला याच्यापेक्षा जास्त पैसे आले!

कागदांचं थोडक्यात: ताबा घेण्याआधी आरसीवरचा बोजा उतरवायला फॉर्म 35 आणि फायनान्सवाल्यांची एनओसी (ना हरकत पत्र), नाव बदलायला 29 आणि 30 हातात घ्या. एमएच-10 पासिंग असल्याने काम सांगलीतच झालं.

घरी आल्यावर ऑईल बदललं. जुना फिल्टर कापून कागद उलगडला, त्यात धातूचा चुरा नव्हता. नोझल पंपवाल्याकडे तपासायला दिले. चारपैकी एक फवारा मारायच्या ऐवजी थेंब टाकत होता. तो बदलल्यावर पांढरा धूर थांबला. हाफ इंजिनसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून मागचे दोन टायर आले.