आईच्या दातांमधली फट

रविवार, रात्री उशिरा

आज आईला गडकरीला नेलं. 1978 ला गडकरी रंगायतन सुरू झालं आणि आई 1981 ला लग्न होऊन ठाण्यात आली, तेव्हापासून बाबांबरोबर तिने तिथे किती नाटकं बघितली असतील देव जाणे, पण बाबा गेल्यापासून नको म्हणायची. आज आली. नाटक ठीक होतं. मध्यंतरात बटाटावडा खाल्ला, तिने दोन खाल्ले, मला तेवढ्यानेच बरं वाटलं.

सुटल्यावर तलावपाळीला कट्ट्यावर बसलो. बाबा तिकिटाच्या लाइनीत उभे राहायचे आणि ती कोपिनेश्वरला दर्शन घेऊन परत यायची तरी लाइन तिथेच असायची, हे ती सांगत होती, हातवारे करून, हसत, मी खूप दिवसांनी तिला एवढं बोलताना ऐकत होते.

पलीकडे एक मुलगा मांडीवर पॅड घेऊन बसला होता. तो उठून आला. "काकू, न विचारता काढलं, सॉरी."

चारकोलमध्ये आई.

आई फोटोत कधी हसत नाही. पुढच्या दोन दातांत फट आहे म्हणून कॅमेरा दिसला की ओठ मिटते, माझ्या लग्नाच्या अख्ख्या अल्बममध्ये तिचा दात दिसणारा एक फोटो नाही. आणि ह्या कागदावर तोंड उघडं, भुवया वर, एक हात हवेत, आणि दातांच्या मध्ये ती फट, एक छोटी काळी रेघ. मला भीतीच वाटली ती काय म्हणेल.

बराच वेळ बघत राहिली. मग त्याला विचारलं, "बोलताना मी अशी दिसते?"

"हो काकू. तोंड सारखं हलत होतं, तीनदा पुसून काढलं."

"म्हणजे ह्यांना मी अशीच दिसत असणार."

त्या मुलाला काय कळणार, मी मात्र तलावाकडे बघत बसले.

पैसे घेतले नाहीत त्याने. फक्त म्हणाला फिक्सेटिव्ह मारा, शेवटी कोळसाच तो, कागदावर नुसता बसलेला असतो, हात लागला की जातो. रिक्षात आईने कागद दोन्ही हातांनी आडवा धरला होता, पर्स माझ्याकडे दिली. उद्या ते फिक्सेटिव्ह शोधायचंय. आत्ता कागद डायनिंग टेबलवर आहे आणि एवढ्या उकाड्यात तिने पंखा बंद ठेवलाय.