वर जाणाऱ्या चेंडूवर बाण कुठला?

नववीला बल आणि गतीचा धडा काढला की पहिल्या तासाला मी सूत्र लिहीतच नाही. फळ्यावर नुसता एक चेंडू काढतो आणि सांगतो, हातातून सुटलाय, अजून वर चाललाय, हवेचं सोडून द्या, आता ह्याच्यावर कुठली बलं आहेत त्यांचे बाण काढा. बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातली आमची मराठी मीडियमची शाळा, पोरं हुशार आहेत, पण बहुतेकांच्या वहीत एक बाण वर असतोच. का विचारलं तर, "सर, वर जाऊलाय म्हणजे वर ढकलणारं कायतरी असणारच की!" एखादी धीट पोरगी पुढं सांगते की हातातलं बळ चेंडूत शिरलंय आणि ते हळूहळू संपतंय.

खरं तर बाण एकच, खाली, गुरुत्वाकर्षणाचा. पण लाल पेननं फुली मारून पुढं जायला माझा सक्त विरोध आहे. अहो, 14व्या शतकात पॅरिसमध्ये ब्युरिदाँ नावाचा मोठा विद्वान जवळजवळ हेच सांगत होता, की फेकणारा वस्तूत एक जोर घालतो आणि तो जोर तिला नेत राहतो. त्याच्याही आधी अॅरिस्टॉटल. मग गॅलिलिओ, मग 1687 ला न्यूटनचे नियम छापून आले. एवढी शतकं लागली माणसाला आणि आपण ते पोरांकडून एका पिरियडमध्ये मागतो!

आणि पोरांनी रोज बघितलंय तरी काय? ट्रॅक्टर थांबला की उसाची ट्रॉली थांबते, पायडल मारायचं सोडलं की सायकल थोडं जाऊन थांबते. घर्षण कुणाला दिसत नाही, थांबणं तेवढं दिसतं. म्हणून मी कॅरम बोर्ड आणतो. आधी पावडर न टाकता स्ट्रायकर मारायचा, मग पावडर टाकून, जमेल तितक्या सारख्याच जोरानं, आणि मारायच्या आधी प्रत्येकानं कुठं थांबेल तिथं खडूनं खूण करायची. हा अंदाज आधी लिहून घेणं मला प्रयोगापेक्षा महत्त्वाचं वाटतं, नाहीतर बघून झाल्यावर सगळेच म्हणतात, आम्हाला ठाऊकच होतं. मग विचारायचं, पावडर अजून चांगली असती तर? घर्षण अजिबातच नसतं तर? वर्ग गप्प होतो, आणि मी पण गप्प बसतो, घाई करत नाही; घर्षण नसतं तर स्ट्रायकर त्याच वेगानं जातच राहील, हे त्यांच्याच तोंडून यायला पाहिजे. दहावीला एसएसएलसीचं, म्हणजे कर्नाटकातल्या बोर्डाच्या परीक्षेचं, प्रेशर सुरू झालं की असं गप्प बसायला वेळच मिळत नाही, त्यामुळं हे नववीतच व्हायला पाहिजे.

गणितं नंतर, आणि ती इथलीच. गोकाकचा धबधबा साधारण 52 मीटर. हवा धरली नाही तर पाणी खाली पोचायला सव्वातीन सेकंद, वेग सेकंदाला 32 मीटर, म्हणजे ताशी 115 किलोमीटर! एक लिटर पाण्यामागं साधारण 510 ज्यूल ऊर्जा, सगळी वापरता आली तर 10 वॅटचा बल्ब 50 सेकंद जळेल. जुन्या काळातच तिथं पाण्यावर वीज केली होती हे सांगितलं की मागच्या बाकावरची पण मान वर करतात.

यंदा ह्या गणितावर एकानं विचारलं, सर, मग पाऊस तर केवढ्या उंचीवरनं येतोय, डोकं का फुटत नाही? काय सुंदर प्रश्न! 2 किलोमीटरवरून, हवा नसती तर थेंब ताशी 700 किलोमीटरच्या वर गेला असता, पण मोठ्यातला मोठा थेंब सेकंदाला 9 मीटरच्या आसपासच येतो. वेग वाढतो तसा हवेचा विरोध वाढतो, आणि तो वजनाइतका झाला की वेग वाढायचा थांबतो. पोरांनी थेंब काढला, खाली एक बाण, वर एक, दोन्ही सारखे. बेरीज शून्य. "मग सर, बळच उरलं नाही तर तो खाली कसा येऊलाय?" मी काही बोलायच्या आतच मागनं आवाज आला, "आरं, कॅरमचा स्ट्रायकर!"