खिशातले हात

माझ्या चित्रांतली माणसं बरीच वर्षं खिशात हात घालून फिरत होती. कुणी शालीत गुरफटलेलं, कुणी पाठमोरं, कुणाचे हात थेट चौकटीबाहेर. मला वाटायचं, ही आपली शैली. एका प्रदर्शनात एक गृहस्थ माझ्या चित्रापुढे बराच वेळ रेंगाळले, म्हणून मी आशेने जवळ सरकलो. ते सोबतच्या बाईंना खणखणीत आवाजात म्हणाले, "याला हात काढता येत नाहीत, म्हणून बिचाऱ्या सगळ्यांना थंडी वाजतेय!" आजूबाजूचे हसले. मीही हसलो. दुसरं काय करणार?

घरी येऊन मनातल्या मनात त्यांची भरपूर खरडपट्टी काढली. 'आधी स्वतः एक रेघ ओढून दाखवा' वगैरे. दोन दिवसांनी राग निवला, तरी खुपणं काही थांबेना. कारण ते मला आधीपासून ठाऊक होतं.

१८७४ साली पॅरिसमध्ये लुई लरुआ या समीक्षकाने चित्रकार मोनेच्या समुद्रचित्राची टर उडवली, की भिंतीवरचा कागदसुद्धा कच्च्या अवस्थेत याहून पुरा दिसतो. चित्राच्या नावातला 'इम्प्रेशन' (म्हणजे नुसता ठसा) उचलून त्याने मोनेसोबत प्रदर्शन भरवणाऱ्या सगळ्या कंपूलाच हिणवलं. तीन वर्षांनी त्या मंडळींनी 'इम्प्रेशनिस्ट' हीच पाटी आपल्या प्रदर्शनावर लावली! गंमत म्हणजे लरुआला दिसलं ते बरोबरच होतं. चित्र त्या अर्थाने अपुरंच होतं, आणि मोनेला ते तसंच हवं होतं. माझं तसं नव्हतं. मला हात हवे होते, जमत नव्हते.

पण टोमण्यांनीच कलावंत घडतो, असं कुणी छातीठोकपणे सांगितलं की मला रशियन संगीतकार राख्मानिनॉव आठवतो. १८९७ मध्ये पीटर्सबर्गला त्याची पहिली सिंफनी साफ पडली. नरकात संगीतशाळा असती तर तिथले रहिवासी या रचनेवर खूश झाले असते, अशा थाटाचं समीक्षक सेझार कुईने लिहिलं. पोरगा पंचविशीचाही नव्हता. पुढची जवळजवळ तीन वर्षं त्याच्या हातून म्हणावं असं काही उतरलं नाही. डॉक्टर निकोलाय दाल यांनी धीर दिला, तेव्हा कुठे पियानोचा दुसरा कॉन्चेर्टो, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीची रचना, झाला. तो अर्पण केलाय दालना. कुईला नव्हे.

मला डॉक्टर लागला नाही, आरसा पुरला. रोज रात्री डावा हात आरशासमोर धरायचा आणि उजव्याने काढायचा. पहिले कित्येक महिने फुगलेले हातमोजेच उमटले. अंगठा तर अजूनही कधीकधी दुसऱ्याच माणसाचा वाटतो.

परवा एका चित्रात म्हातारा दोन्ही हातांनी दोरी ओढताना दाखवला. नखांसकट. तेच गृहस्थ आले, चष्मा कपाळावर चढवून वाकून पाहिलं.

"हात बरे आहेत," म्हणाले. "पण पाय गवतात का बुडवलेत?"