दूध आटेपर्यंत

आमच्या गावच्या मंडळाचा खरा कार्यक्रम कोजागिरीचा. गणपतीला पावत्या फाडल्या जायच्या, देवीला मांडव पडायचा. जानेवारीत शाळेचं गॅदरिंग असायचं, पण त्यात पोरांच्या नाचापेक्षा पाहुण्यांची भाषणंच लांबायची. कोजागिरीला वर्गणी नाही, पाहुणे नाहीत, माईक नाही. ज्यानं त्यानं घरून जमेल तेवढं दूध आणायचं, मारुतीच्या पारासमोर चूल मांडायची आणि दूध आटेपर्यंत आपल्या घरची एकेक गंमत सांगायची. कार्यक्रम एवढाच.

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, दारव्हा-कारंजा रस्त्यापासून थोडं आत. मी सांगते ते दिवस सोयाबीनच्या आधीचे. शिवारात ज्वारी, तूर आणि पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. कोजागिरीच्या सुमारास बोंडं फुटायला लागलेली असत, सीतादहीची पूजा करून कापसाचा पहिला वेचा नुकता झालेला असे किंवा चार दिवसांत व्हायचा असे. म्हणजे हातात पैसा नाही, पण येणार हे दिसतंय. शेतकरी माणूस मोकळेपणानं हसतो तो या दिवसांत. एकदा चुकारा हाती पडला की किराणावाला, कृषी केंद्रवाला आणि सोसायटी असे सगळे दारात येऊन उभे राहतात, मग कसल्या गमती सुचणार!

संध्याकाळ आम्हा पोरींची. भाद्रपदाच्या पौर्णिमेला बसवलेल्या भुलाबाईचा हा शेवटचा दिवस, म्हणून ज्वारीच्या धांड्यांचं मखर करायचं, दारोदारी गाणी म्हणायची आणि प्रत्येक घरचा खाऊ ओळखायचा. बाई झाकलेला डबा कानाशी हलवून दाखवायच्या. वाजला तर फुटाणे, दाणे, मुरमुरे. नाही वाजला तर शिरा. आमच्या शेजारच्या काकूंचा डबा मात्र कधीच वाजायचा नाही आणि आत शिराही नसायचा. अख्खी गल्ली हरायची. पुढं कळलं की त्या शेवेच्या लाडवांभोवती कापूस भरायच्या. लाडू खाताना तोंडात तंतू यायचे, पण तक्रार कोण करणार!

रात्री नऊच्या पुढे मोठी माणसं पाराजवळ जमत. मोठ्या गंजात सगळ्यांचं दूध एकत्र व्हायचं. कोणाचं म्हशीचं, कोणाचं गाईचं, एखाद्याचं थोडं विहिरीचंही. जळण म्हणजे मागच्या सालच्या वाळलेल्या पऱ्हाट्या. पऱ्हाटी भडकन पेटते आणि लगेच विझते, म्हणून चुलीपाशी एक माणूस सारखा बसवावाच लागतो. त्यानं दर दोन मिनिटांनी चार काड्या मोडून आत सारायच्या, दुसऱ्यानं लांब दांड्याच्या झाऱ्यानं गंजाचा तळ खरवडत राहायचं. साय बाजूला लागली की ती झाऱ्यानं पुन्हा दुधात लोटायची. साखर, वेलची आणि आठवडी बाजारातून आणलेली चारोळी, हे अगदी शेवटी. चांदणं दुधात पडल्याशिवाय कोणी पेल्याला हात लावायचा नाही. ढगाळ असलं तर वाट बघायची.

गोष्टी सांगायचे नियम होते. गोष्ट आपल्याच घरची हवी, शेजाऱ्याची सांगायची नाही. हा नियम एका जुन्या भांडणातून आलेला, आणि त्या भांडणाची गोष्ट दोन्ही घरांची असल्यामुळे ती कोणालाच सांगता यायची नाही. दुसरा नियम, गेलेल्या माणसाबद्दल बोलायचं तर हसू येईल असंच बोलायचं. मला हा फार शहाणपणाचा वाटतो. आमची आजी मी पाहिलेलीच नाही, पण तिच्या चोरून खाल्लेल्या खारकांपासून घोरण्यापर्यंत सगळं मला माहीत आहे, ते या पारावरून.

दरवर्षी पहिली गोष्ट ठरलेली. बापूकाकांची, शकुंतलेची.

शकुंतला म्हणजे यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी अडीच फुटी रुळांची गाडी. अंतर 113 किलोमीटर, आणि ते कापायला दिवसाचा चांगला मोठा तुकडा लागायचा. मँचेस्टरला 1921 साली बनलेलं वाफेचं इंजिन तिला 1994 पर्यंत ओढत होतं. इंग्रज कंपनीनं ती कापूस वाहून न्यायला टाकली होती आणि कापसाला काही घाई नसते. बापूकाका आपल्या आईला घेऊन गजानन महाराजांच्या प्रकटदिनाला शेगावला निघाले होते. दारव्ह्याला गाडीत बसायचं, मूर्तिजापूरला मोठी गाडी धरायची. माघाचा महिना, रुळाच्या दोन्ही बाजूंना हरभरा घाट्यांवर आलेला. म्हातारी म्हणाली, "बापू, दोन डहाळे आन नं रे तोंडात टाकाले." गाडी चढावर लागलेली, माणूस चालेल तेवढाच तिचा वेग. बापूकाका उतरले, वावरात शिरले आणि नेमके वावरवाल्याच्या हाती सापडले.

"कोन गा तू?"

काकांनी नाव सांगितलं, गाव सांगितलं. वावरवाल्यानं डोकं खाजवलं आणि नातं काढलं. त्याच्या साळ्याची बायको आमच्या गावची. म्हणजे चोर एकदम पाहुणा झाला. "पाहुन्याले चहाबिगर जाऊ देत नाई आमी," असं म्हणून त्यानं काकांना धुऱ्यावरच्या झोपडीत नेलं. चूल पेटली, बिनदुधाचा चहा झाला, सुखदुःखाच्या गोष्टी झाल्या. तोवर गाडी दिसेनाशी झाली. मग त्या भल्या माणसानं खासर, म्हणजे बैलगाडी, जुंपली आणि धुऱ्याधुऱ्यानं, नाल्यातून काकांना पुढच्या टेसनावर नेऊन सोडलं. गाडी तिथं उभीच होती, इंजिन पाणी पीत होतं. काका घामाघूम होऊन डब्यात शिरले. आईनं हातातले डहाळे पाहिले आणि म्हणाली, "एवढ्या येळात एवढेच आनले?"

हे दरवर्षी तसंच्या तसं सांगितलं असतं तर कोणी ऐकलं नसतं. काका दरवर्षी ते थोडं सुधारून सांगायचे. एका सालचा पांढरा बैल दुसऱ्या साली कबरा व्हायचा. चहाच्या जागी झुणका-भाकर यायची. एकदा तर गाडीनंच खासरीसाठी शिटी मारून वाट मोकळी मागितली. ऐकणाऱ्यांना मूळ गोष्ट पाठ, त्यामुळे मजा चुका धरण्यात. "बापू, मांगच्या साली तं नाल्याले पानी नव्हतं!" असा कोणी ओरडला की काका शांतपणे म्हणत, "मांगच्या साली पाऊस कमी होता."

आमच्या घरची गोष्ट मोठीआई, म्हणजे माझी थोरली काकू, सांगायची, टीव्हीची.

मोठेबाबांनी कापसाच्या चुकाऱ्यातून टीव्ही घेतला. ब्लॅक अँड व्हाइट, लाकडी पेटीतला, पुढं सरकणारं शटर आणि त्याला कुलूप. कवेलूवर ॲन्टेना. त्यावर वांदरं लोंबकळायची, म्हणून एका पोट्ट्याला गोफण देऊन अंगणात उभं करावं लागे. दूरदर्शनवर 25 जानेवारी 1987 ला रामायण सुरू झालं आणि रविवारी साडेनऊला आमचं घर आमचं राहिलं नाही. बैठकीत निम्म्या खोलीभर कापसाची गंजी, उरलेल्या जागेत गाव. चपला अंगणात. बाया फुलं-उदबत्ती घेऊन यायच्या आणि टीव्हीला हळदीकुंकू वाहायच्या. कुंकू शटरच्या फटीत जाऊन पुढं ते सरकायलाच कुरकुरायला लागलं.

शटरची किल्ली मोठेबाबांच्या करदोड्याला. ते रात्री राखण म्हणून कापसाच्या गंजीवरच झोपायचे. एका रविवारी सकाळी हात कमरेला गेला आणि किल्ली नाही. पेटारं, उशी, न्हाणीघर, सगळं धुंडाळलं. मग सगळ्यांची नजर एकदम कापसाकडे वळली. पंधरावीस माणसं गंजीत हात घालून किल्ली चाचपायला लागली. कापसात हरवलेली वस्तू हाताला लागत नाही, उलट हलवलं की ती आणखी खाली जाते. इकडं घड्याळ साडेनवावर आलं. कोणी म्हणालं कुलूप तोडा. मोठेबाबा तयार होईनात, शटर फुटलं तर! शेवटी कोणीतरी वैतागून भिंतीवरचं बटण दाबलं. टीव्हीचा खटका आदल्या रात्रीपासून चालूच राहिला होता. जरा वेळानं बंद शटराआडून शंख वाजला.

चित्र नाही, नुसता आवाज. लोक एकमेकांकडे बघायला लागले. आमच्या गावात एक भजनी बुवा होते, लहानपणी देवी येऊन दृष्टी गेलेले. ते दर रविवारी यायचे आणि भिंतीला टेकून ऐकायचे. ते हसले आणि म्हणाले, "या, आज सारे माह्या रांगेत बसा." आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. "हा पायाचा आवाज दशरथाचा, तो जड पाय टाकते." "आता बासरी वाजली म्हंजे सीतामाय आली." "हे थांबले, म्हंजे आता रडतीन." बाया खरंच रडल्या. ते सांगत ते पडद्यावर तसंच होतं की नाही हे कोणालाच कळायचा मार्ग नव्हता, आणि कोणी विचारलंही नाही. एपिसोड संपल्यावर नेहमीसारखी आरती झाली, लाकडी शटराला.

किल्ली मिळालीच नाही. तो कापूस पुढच्या आठवड्यात सरकारच्या एकाधिकार कापूस खरेदी केंद्रावर गेला. मोठीआई गोष्ट संपवताना दरवर्षी पोरांना बजावायची, "कोनाच्या सदऱ्यात लोखंड टोचलं तं मले सांगजा. ते आमची किल्ली हाय."

बाकीच्या गोष्टी काही अशा रंगायच्या नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. मास्तरांची चिखलदऱ्याच्या सहलीची गोष्ट नुसती कोणत्या पोराला कुठं उलटी झाली याची यादी असायची. एक काका दरवर्षी आपण नागपुरात रस्ता कसा चुकलो ते सांगत, पण चौकांची नावं आठवताना पुन्हा चुकत. तरी कोणाला थांबवलं जायचं नाही. दूध आटायचं असायचं ना.

पुढं एका वर्षी तरण्या पोरांनी टूम काढली की कोजागिरीला व्हीसीआर आणायचा. दारव्ह्याहून भाड्यानं कलर टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी आल्या. म्हातारे कुरकुरले, पण पारावरची सगळ्यात पुढची जागाही त्यांनीच धरली. पहिला सिनेमा संपेपर्यंत चुलीकडे लक्ष द्यायला कोणी उरलं नाही आणि दूध खाली लागलं. दुसरा सिनेमा ऐन रंगात आला. नायिकेला तिचा बाप घराबाहेर काढतो आहे आणि नायक मोटारसायकलवरून निघाला आहे. तेवढ्यात लाईन गेली.

अर्धा तास झाला तरी लाईन येईना. उठून जावं तर पुढं काय झालं ही रुखरुख. मोठीआई अंधारातून म्हणाली, "मी सांगतो काय झालं ते." वऱ्हाडात बायाही सांगतो म्हणतात, आणि मोठीआई तर जास्तच ठासून म्हणायची. तिच्या सिनेमात नायक मोटारसायकल घेऊन आधी स्वतःच्या आईकडे गेला, कारण सकाळपासून जेवला नव्हता. आईनं त्याला कढी-गोळे वाढले. मग दोघं मिळून मुलीच्या बापाकडे गेले. बाप ऐकेना, तेव्हा आईनं ओळखलं की हा तर आपल्या माहेरच्या पाटलाचा पोरगा, लहानपणी चिंचा चोरायला आपल्याच झाडावर चढायचा. बाप लाजला. लग्नात पंगतीला वांग्याची भाजी आणि रोडगे. खलनायकाचं काय झालं, असं एका पोट्ट्यानं विचारलं. मोठीआई म्हणाली, "त्यालेई बलावलं होतं लग्नाले. उपाशी थोडीच ठेवतेत?"

लाईन आली, सिनेमा पुढं सुरू झाला. त्यात गुंडांची मारामारी, गोदामाला आग, बाप मेला. लोकांना पटेना. "मोठीआईचाच बरा होता," असं म्हणत निम्मी माणसं उठून चुलीजवळ जाऊन बसली. तिसरी कॅसेट कोणी लावलीच नाही. पुढच्या वर्षी व्हीसीआरचा विषय निघाला तेव्हा मंडळाच्या बायांनी सरळ सांगितलं, आणायचा असेल तर दूधही तुम्हीच आटवा.

आता दूध पिशव्यांचं असतं, जळणाच्या जागी गॅसची शेगडी, त्यामुळे काड्या सारणाऱ्या माणसाचं काम गेलं आहे. शकुंतला बंद झाली. मोठीआई नाही, आणि नियमाप्रमाणे तिच्याबद्दल सांगताना हसवावंच लागतं, ते काही अवघड जात नाही. किल्लीची गोष्ट आता मी सांगते. बापूकाका अजून आहेत. खुर्चीवर बसतात, कानाला यंत्र.

मागं एका कोजागिरीला माझा पुतण्या बायकोला घेऊन नागपूरहून गाडीनं आला. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा डिसेंबर 2022 मध्ये सुरू झाला तेव्हापासून तो त्याच रस्त्यानं येतो. त्यानं त्या रात्री आपली गोष्ट सांगितली. कारंज्याला उतरायचं होतं. बायको म्हणाली, इथंच वळ. तो म्हणाला, मोबाईल सांगेल तेव्हा वळीन. मोबाईल म्हणत होता वळा, पण या दोघांच्या भांडणात तो ऐकू आला नाही. ताशी 120 च्या वेगात कारंजा मागं गेलं. तिथं ना गाडी वळवता येत, ना मागं घेता येत, ना थांबून कोणाला विचारता येत. पुढच्या फाट्यापर्यंत दोघं एक शब्द न बोलता गेली, उतरली, परत फिरली आणि आम्हा सगळ्यांचं दूध पिऊन झाल्यावर पोचली.

सगळे हसले. बापूकाकांना नीट ऐकू आलं नव्हतं, म्हणून त्यांना कानाशी पुन्हा सांगावं लागलं. ते सगळं ऐकून घेत म्हणाले, "थांबतच नाई म्हंता? मंग डहाळे कसे आनतेत?"

आणि त्यावरून त्यांना आठवलंच, म्हणून त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि शकुंतलेची गोष्ट पहिल्यापासून सुरू केली. या खेपेला बैल दोन होते.