खांदा मोकळा झाला

वारीला गेलं की माणूस निरिच्छ होतो असं कुणी सांगितलं तर लगेच विश्वास ठेवू नका. आळंदीहून निघाल्यावर माझ्या इच्छा आधी वाढल्याच, आणि त्याही घरी कधी सुचल्या नसत्या अशा. तंबूत कडेची जागा हवी. चहा पहिल्या पातेल्यातला हवा. टँकरपाशी रांग नको. दिंडीची भिशी, म्हणजे जेवणा-मुक्कामाचे पैसे, भरलेत, मग एवढं तरी मिळायलाच हवं, असा हिशेबही मनात चालू.

मग दिवे घाट आला. पुणे ते सासवड ही तशी लांबची मजल, त्यात दिवस बहुधा एकादशीचा. पोटात फक्त साबुदाणा. चढताना हळूहळू लक्षात आलं की दिंडीत आपल्याला निवडायला काही ठेवलेलंच नसतं. रथाच्या पुढे की मागे, दिंडीचा नंबर कितवा, अभंग कोणता, विसावा कुठे, सगळं ठरलेलं. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या सोहळ्याला ही शिस्त लावली आणि ती आजही चालते. मन थोडा वेळ हट्ट करून पाहतं. विचारणारं कुणी नसतं, मग बसतं गप्प. इच्छेशी झुंजण्याच्या गोष्टी मी पुष्कळ ऐकल्या होत्या. इथे झुंजच नव्हती, तिचे लाड करायला हाताशी काही नव्हतं, एवढंच.

दिंडीत वीणा जमिनीवर टेकवत नाहीत. एकाच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते आणि देणारा-घेणारा एकमेकांच्या पाया पडतात. आमचे विणेकरी बाबा सत्तरीला टेकलेले. वीणा दिली की मागे वळूनही न बघता टाळकऱ्यांच्या ओळीत शिरायचे आणि तोच ठेका धरायचे. लोणंदच्या मुक्कामात मी विचारलं, "बाबा, मानाची वीणा सोडताना काही वाटत नाही?"

"वाटतं की, माउली. खांदा मोकळा झाल्यासारखं वाटतं."

संध्याकाळी समाजआरतीला चोपदारांचा दंड वर गेला की हजारो टाळ एकदम थांबतात. त्या शांततेत हरवल्या-सापडल्याची यादी पुकारतात. चष्मा, पिशवी, पाकीट, कधी माणूससुद्धा. हरवणाऱ्यापेक्षा मला सापडलेल्याचं नवल वाटायचं. दिवसभर चालून पायाला फोड आलेले, तरी कुणीतरी ते पाकीट द्यायला गर्दी कापत इथवर आलेलं असतं. माझ्या पहिल्या पातेल्यातल्या चहापेक्षा ही फार वरची इयत्ता.

पंढरपुरात आषाढीला पदस्पर्शाची रांग तासन् तास हलत नाही. आमच्यातल्या बहुतेकांनी चंद्रभागेत स्नान केलं, नगरप्रदक्षिणा केली, नामदेव पायरीला डोकं टेकवलं आणि कळसाला हात जोडले. डोक्यावर तुळस घेऊन सगळी वाट चाललेल्या मावशींना म्हटलं, "इतकं चालून आत नाही जायचं?"

"कळस दिसला, झालं की! पौर्णिमेचा काला घ्यायचा अन् निघायचं. रानात पेरण्या खोळंबल्यात."

मी रांगेत उभा राहिलो. ती इच्छा सुटली नव्हती, आणि सोडावी असंही वाटलं नाही. तुकोबांनी तरी मागणं कुठे बंद केलं? मुक्ती नको, धनसंपदा नको असं सांगून त्यांनी देवाकडे त्याचा विसर न पडण्याचं आणि संतांच्या संगाचं दान मागितलंच. इच्छा मुळापासून उपटायची हे मला वारकऱ्यांचं वळण वाटत नाही. ती कुणाकडे वळवायची, हे त्यांना चांगलं कळतं.

घरी दिंडीसारखी शिस्त नाही, निवडायला ढीगभर आहे, त्यामुळे इथे काम जास्त अवघड. सध्या एवढंच करतो: एकादशीला फोनवरची खरेदीची अ‍ॅप उघडत नाही. हवीशी वाटलेली वस्तू कागदावर लिहून ठेवतो आणि द्वादशीला बघतो. निम्म्या वस्तू का लिहिल्या होत्या तेच आठवत नाही. उरलेल्या मुकाट घेतो. चहा मात्र अजून पहिल्या पातेल्यातलाच लागतो.