गौरी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी दहा मिनिटे : गणेशोत्सवातील माझा पहिला स्टँडअप प्रयोग

२०२५ च्या जुलै महिन्यात पुण्यात डेक्कनजवळच्या एका लहानशा कॉमेडी क्लबने गणेशोत्सवातील मराठी स्टँडअपसाठी सहा कलाकार हवे असल्याचे कळवले, तेव्हा माझ्याजवळ जेमतेम पाच मिनिटांचा सेट (सलग सादर करायचा विनोदी मजकूर) होता आणि मागणी दहा मिनिटांची होती. अटी दोनच होत्या. प्रेक्षकांसमोर सलग चित्रित केलेला, कुठेही न कापलेला व्हिडिओ पाठवायचा आणि उत्सवात सहकुटुंब येणाऱ्या लोकांसमोर बोलता येईल अशीच भाषा ठेवायची. दुसरी अट मला सोपी वाटली, पण पहिलीने माझा दीड महिना घेतला.

ओपन माइकवर, म्हणजे कुणीही नाव नोंदवून आपले विनोद करून पाहू शकतो अशा कार्यक्रमात, नवख्या कलाकाराला चार-पाच मिनिटे मिळतात. एक मिनिट उरले की मागच्या बाजूने मोबाइलचा दिवा दाखवतात आणि तो दिसल्यावर शेवटच्या विनोदाकडे वळावेच लागते. दहा मिनिटांचा सेट एका बैठकीत तपासण्याची सोय त्यामुळे नव्हती. मी पहिला अर्धा भाग मंगळवारी एके ठिकाणी आणि दुसरा शुक्रवारी दुसऱ्या ठिकाणी करून पाहत असे. दोन्ही अर्धे आपापल्या जागी चालत, पण जोडले की मधला सांधा उघडा पडे, कारण पाचव्या मिनिटाला दमलेल्या प्रेक्षकांना पुन्हा नव्या विषयाची ओळख करून द्यावी लागत होती. शेवटी दोन विषय ठेवण्याचा हट्ट मी सोडला आणि संपूर्ण दहा मिनिटे एकाच गोष्टीवर बांधायचे ठरवले.

ती गोष्ट होती गौरी आवाहनाची. आरतीतले चुकीचे म्हटले जाणारे शब्द, वर्गणीचे पावतीपुस्तक आणि मोदकाच्या कळ्या हे विषय त्या महिन्यात प्रत्येक ओपन माइकवर निदान तिघांकडून ऐकायला मिळत होते. क्लबच्या सूत्रसंचालकाने मला स्पष्टच सांगितले, “ताई, आरती सोडून काहीही आणा.” आमच्या घरी गौर उंबरठ्यावरून आत आणताना सासूबाई विचारतात, “गौर कशाच्या पावलांनी आली?” आणि बाकीच्यांनी उत्तर द्यायचे असते, “सोन्यामोत्यांच्या पावलांनी.” मग तिला धान्याची कोठी, दूधदुभत्याची जागा आणि तिजोरी दाखवायची. मूळ वाड्यात या फेरीला बराच वेळ लागत असे. आमच्या कर्जावर घेतलेल्या दोन खोल्यांच्या घरात ती सुरू होण्याआधीच संपते. या एका फेरीत मला दहा मिनिटे दिसली.

लिहिण्यापूर्वी मी सासूबाईंची परवानगी घेतली. देवघरातला विषय बाहेर, तोही तिकीट लावून मांडायचा, तर त्यांचा होकार असल्याशिवाय मला ते करायचे नव्हते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच विचारले, “गौरीला हसणार आहेस की आपल्याला?” मी “आपल्याला” असे उत्तर दिले आणि पुढे प्रत्येक वाक्य त्या कसोटीवर घासून पाहिले. दोन वाक्ये त्या कसोटीवर गळली. दोन्ही ओपन माइकवर चांगली चालत होती, तरी ती काढल्याचा मला आजही पश्चात्ताप नाही.

सर्वांत जास्त वेळ गेला तो शब्दांच्या क्रमावर. ज्यांना मराठीत स्टँडअप करायचे आहे, त्यांच्यासाठी हा भाग मी जरा सविस्तर लिहिते. मराठी वाक्याच्या शेवटी बहुधा क्रियापद येते. त्यामुळे हसवणारा शब्द आधीच उच्चारला जातो आणि त्याच्यामागे ‘आली’, ‘होती’, ‘म्हणाल्या’ असे शेपूट लटकत राहते. प्रेक्षक हसायला तोंड उघडतात तोच आपण वाक्य पूर्ण करत असतो आणि ते शिष्टाचाराने थांबतात. मी आधी म्हणत असे, “आमच्याकडे हप्त्यांच्या पावलांनी गौर आली.” हसू अर्धवट येई. त्याच वाक्याचे “आमच्याकडे गौर आली... हप्त्यांच्या पावलांनी” असे केले, तेव्हा शब्द तेच राहूनही हशा पूर्ण मिळाला. बोलीत आपण क्रियापद पुढे सहज सरकवतो, पण कागदावर लिहायला बसले की शाळेतली शिस्त आडवी येते. म्हणून मी पुढचा सगळा मजकूर आधी मोबाइलवर बोलून ध्वनिमुद्रित केला आणि मग उतरवून काढला.

‘आली’ आणि ‘हप्त्यांच्या’ यांच्यामधली ती शांतता हाच खरा प्रश्न ठरला. ढोल-ताशा पथकांचे सराव उत्सवाच्या बरेच आधी नदीपात्रात आणि मोकळ्या मैदानांवर सुरू होतात आणि संध्याकाळची त्यांची वेळ तीच ओपन माइकची वेळ असते. मला त्या वादनाविषयी प्रेम आहे, माझी धाकटी बहीण पाच वर्षे ताशा वाजवते. पण विनोदाला लागणारी दोन सेकंदांची शांतता त्या सरावात सापडत नसे. सूत्रसंचालकाने त्यावर उपाय सांगितला, तो मी लिहून ठेवला : आवाज चढला तर आपण चढायचे नाही, माइक हनुवटीजवळ स्थिर धरून वाक्य तिथेच थांबवायचे आणि ताशाचे आवर्तन उतरले की पुढचा शब्द टाकायचा. थांबण्याची भीती जायला मला सहा ओपन माइक लागले. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात पाठवलेल्या व्हिडिओवर माझी निवड झाली.

प्रयोगाचा दिवस बुधवार, ३ सप्टेंबर ठरला. ३१ ऑगस्टला गौरी आवाहन, १ सप्टेंबरला पूजन आणि २ तारखेला विसर्जन असल्यामुळे त्याआधी मला घराबाहेर पडणे शक्यच नव्हते. वेळ संध्याकाळी साडेसहाची ठेवली होती. आठच्या सुमारास शेजारच्या मंडळाची आरती आणि त्यापाठोपाठ पथकाचे स्थिरवादन असे, शिवाय लोकांना नंतर देखावे पाहायला जायचे असते. मध्यवस्तीतील अनेक रस्ते उत्सवात संध्याकाळी वाहनांना बंद होतात, म्हणून तिकिटाबरोबरच मेट्रोने येण्याची सूचना पाठवली गेली. कसबा पेठ आणि मंडई ही भुयारी स्थानके सुरू झाल्यानंतरचा हा पहिलाच गणेशोत्सव होता आणि त्या दिवसांत मेट्रो रात्री दोनपर्यंत धावत होती. पेठांमधून आलेल्या ज्येष्ठ प्रेक्षकांची संख्या पाहून त्या सूचनेचा उपयोग झाल्याचे जाणवले.

साठ खुर्च्यांपैकी पन्नासच्या वर भरल्या होत्या. मला चौथा क्रमांक मिळाला. पहिल्या तीन ओळींत बऱ्याच स्त्रिया अशा होत्या की ज्यांनी आदल्याच दिवशी गौर बोळवली होती. काहींच्या हातावरची मेंदी अजून ताजी होती. ओपन माइकवर ‘कोठी’ आणि ‘मुखवटा’ हे शब्द मला समजावून सांगावे लागत, इथे मी “गौर कशाच्या पावलांनी आली?” एवढे विचारताच अर्ध्या सभागृहाने उत्तर दिले. हे मी गृहीत धरलेले नव्हते. उत्तराचा गजर ओसरू दिला, थांबले आणि मग हप्त्यांचा शब्द टाकला. सातव्या मिनिटाला खाली रस्त्यावर ताशा कडाडला. मी वाक्य अर्धे सोडून उभी राहिले. माझ्या अंदाजाने दहा-बारा सेकंद गेले, एकही खुर्ची हलली नाही, आणि राहिलेले अर्धे वाक्य त्या संध्याकाळचा सर्वांत मोठा हशा घेऊन गेले. दिवा दिसला तेव्हा माझ्याकडे एकच विनोद उरला होता.

सासूबाई पाचव्या ओळीत कडेला बसल्या होत्या. मेट्रोतून घरी परतताना त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. वनाझ स्थानक जवळ आल्यावर त्यांनी माझी चूक दाखवली : तिजोरी मी सर्वांत शेवटी दाखवली होती, आमच्या घरच्या रीतीप्रमाणे ती कोठीनंतर लगेच येते आणि शेवट दूधदुभत्याने होतो. मी घरी पोहोचताच वहीत क्रम बदलला. दिवाळीच्या आठवड्यात त्याच क्लबमध्ये सेट पुन्हा केला, तेव्हा गौर शेवटी आमच्या फ्रिजसमोर येऊन थांबली.