केळुसकर गुरुजींनी दिलेलं पुस्तक

वाचून नेमकं काय होतं असं कुणी विचारलं की मी आता सरळ केळुसकर गुरुजींचं सांगते. कृष्णराव अर्जुन केळुसकर, मुंबईत शिक्षक होते, लेखकही. चर्नी रोडच्या बागेत ते संध्याकाळी जायचे आणि तिथेच एक शाळकरी मुलगा पुस्तक घेऊन वाचत बसलेला दिसायचा, मग त्यांनी विचारपूस केली, ओळख झाली. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. पुढे तो परीक्षा पास झाला तेव्हा समाजातल्या लोकांनी कौतुकाची सभा घेतली, अध्यक्ष केळुसकर, आणि त्यांनी स्वतः लिहिलेलं बुद्धाचं चरित्र त्याच्या हातात ठेवलं.

बाबासाहेबांनी हे स्वतःच लिहून ठेवलंय. पुस्तक वाचून ते भारावले आणि थेट वडिलांना विचारायला गेले की तुम्ही आम्हाला रामायण-महाभारत वाचायला लावता मग बुद्धाबद्दल कधी का नाही दिलं वाचायला. मला हा प्रश्न फार आवडतो, कारण वाचनाने पहिल्यांदा बहुतेक हेच होतं, घरात जे चालत आलंय त्याबद्दल विचारावंसं वाटायला लागतं. आणि ज्या वडिलांना हे विचारलं ते रामजी सुभेदार पण कसे, मुलाला हवं ते पुस्तक आणायला पैसे नसले तर लग्न झालेल्या मुलींकडे जायचे, त्यांचा दागिना गहाण ठेवायचे पण पुस्तक आणायचेच. परळच्या चाळीतल्या एका खोलीत राहून हे सगळं.

आता पुढचा हिशोब बघा. मध्ये कोलंबिया झालं, लंडन झालं, न्यूयॉर्कमध्ये पोटाला चिमटा काढून जुनी पुस्तकं घेतली, जवळजवळ २००० म्हणतात, त्यातली बरीच पुढे गहाळ झाली. १९२७ ला महाडचा सत्याग्रह, १९३० ला काळाराम मंदिराचा, १९३५ ला येवल्यात धर्मांतराची घोषणा, आणि नागपूरला बौद्ध धम्माची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ला, तेव्हा ते ६५ वर्षांचे होते. एका पुस्तकामुळे हे झालं असं मी अजिबात म्हणत नाही, आयुष्याने जे चटके दिले, जो अभ्यास केला, त्यातून झालं. पण शाळकरी वयात वाचलेलं ते चरित्र आत कुठेतरी राहिलंच ना, आणि इतक्या वर्षांनी त्याच बुद्धावर त्यांनी स्वतः ग्रंथ लिहिला, त्याच्या प्रस्तावनेसाठी केळुसकरांची ही आठवण लिहिली.

म्हणून मला ते वर्षाला शंभर पुस्तकांचं चॅलेंज वगैरे पटत नाही. बियाणं पेरलं आणि आठवड्याने उकरून बघितलं तर काय दिसणार.

माझं स्वतःचं सांगायचं तर लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, ‘स्मृतिचित्रे’. शाळेत त्यातला उतारा वाचला तेव्हा त्यांच्या नवऱ्याच्या, म्हणजे कवी ना. वा. टिळकांच्या लहरीपणाची मज्जा वाटलेली फक्त. लग्नानंतर सगळं पुस्तक वाचलं आणि १८९५ मध्ये टिळक ख्रिस्ती होतात त्यानंतर ही बाई कशी जगते तिथे मी थांबले, पुढे जाववेना. आणि आता परत वाचतेय तर नजर जाते ती ती हळूहळू सोवळंओवळं कशी सोडते तिकडे, आणि जातपात जी मनातून काढायची असते ती वाद घालून निघत नाही, रोजच्या जगण्यात एकेक गाठ सुटत जाते, हे मला तिच्याकडून कळलं. पुस्तक तेच, मी प्रत्येक वेळी वेगळी होते.

६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनी, दादरच्या शिवाजी पार्कला कधी गेला नसाल तर जा. पुस्तकांचे स्टॉलच स्टॉल, आणि विदर्भ-मराठवाड्यातून रात्रभर प्रवास करून आलेली माणसं परतीच्या पिशवीत पुस्तकं भरून घेतात. त्यातलं कुठलं घरात कुणाच्या हाती कधी लागेल, सांगता येत नाही.

यंदा भाचीची दहावी झाली. सगळे म्हणतायत मोबाईल दे. मी केळुसकरांसारखं पुस्तकच देणार आहे, आतल्या पानावर तिचं नाव आणि तारीख घालून, आणि वाचलंस का म्हणून मागे लागणार नाहीये. बाबासाहेबांचं चरित्र द्यावं की स्मृतिचित्रे, एवढंच ठरायचंय. तुम्ही काय दिलं असतं?